जुनी विंडोज मारली तो हंगाम

दिवाळी सरली की आमच्या शिरूर कासारात आठवडाभर नुसती लगबग असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत पत्र्याच्या पेट्या चढतात, पाण्याची पिंपं चढतात, पाय बांधलेल्या कोंबड्या चढतात आणि या सगळ्याच्या वर माणसं बसतात. मग एका सकाळी उठावं तर गल्ली रिकामी. दारांना कुलपं, कुलपांवर धूळ बसू नये म्हणून बांधलेली फडकी, आणि मधूनच एखाद्या ओट्यावर ऊन खात बसलेलं म्हातारं माणूस. ऊसतोडीला गेलेलं गाव उन्हाळा तोंडावर येईपर्यंत असं अर्धंच राहतं. बाहेरून येणाऱ्यांना हे दिवस उदास वाटतात. माझी बोटं मात्र या दिवसांत शिवशिवायला लागतात.

यंदा गाड्या गेल्या आणि त्याच आठवड्यात टायपिंगच्या परीक्षेचे फॉर्म निघाले. आमच्या कचेरीत नव्यानं लागलेल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मला हळूच विचारलं, "मॅडम, या वयात बोटं वळतात का हो?" मी म्हटलं, "वळवली की वळतात." डबा झाकून त्या निघून गेल्या. त्यांना मी तेवढंच सांगितलं. बाकीचं आज इथं लिहिते आहे.

मी छत्तीस वर्षांची असताना हे गेले. पाटोद्याहून मोटारसायकलवर येताना, भर दुपारी, रोजच्या वळणावर. हे कारकून होते. पुढं त्यांच्या जागी मला घेतलं. त्याला अनुकंपा म्हणतात. हा शब्द मला कधीच आवडला नाही. तुम्ही बसला आहात ती खुर्ची कुणाच्या तरी दयेची आहे, असं तो रोज सकाळी सही करताना सांगतो. नेमणुकीच्या कागदावर खाली एक अट होती. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झालात तर नोकरी संपली.

मी बारावी शिकलेली. पण लग्नानंतरची सगळी वर्षं या हातांनी शेण काढलं, भाकरी थापल्या, मेंढरांच्या पायातले काटे उपसले. आमचं घर मेंढरं राखणारं, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. कचेरीत पहिलं वर्ष तर मी आवक-जावक नोंदवहीच्या पलीकडं गेलेच नाही. कॉम्प्युटरवर कामाला बसलेली माणसं आपापल्या खुर्च्या सोडत नसत, आणि टायपिंगच्या क्लासची वेळ नेमकी कचेरीच्या वेळेत. दिवस गेले ते कळलंच नाही. मुदत संपण्याआधी एकच परीक्षा उरली, तेव्हा मी पहिल्यांदा दचकले.

माझ्याआधी माझे दीर, सुदामभाऊजी, यांनी दिवस मोजलेले होते. ते शेजारच्याच दोन खोल्यांत राहत. एका पुढाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून फिरत आणि त्या सीटवर ऐकलेलं सगळं खरं मानत. वहिनी नापास झाली की जागा आपल्याला मिळते, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं. तसं होतं की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं. तरी ते एका सकाळी कागद घेऊन आले.

"वहिनी, तुमाला हे जमायचं न्हाई. उगं कशापायी जिवाला तरास? आत्ताच लिहून द्या. जागा घरातच ऱ्हाईल. सायबांशी बोललोय मी."

"जागा घरातच हाय की," मी म्हटलं.

"तसं न्हाई वो. तुमाला मूल न्हाई, बाळ न्हाई. तुमी कुणासाठी एवढं करायलाव? आमी संभाळतोच की तुमाला."

तो 'संभाळतोच' माझ्या कानात गरम तेलासारखा गेला. मी कागदाची घडी घालून त्यांच्या खिशात परत ठेवली आणि म्हटलं, "मेंढरं संभाळा, भाऊजी. मी कारकून हाय."

बोलून गेले खरी. मग आत येऊन बसले. बोलणं सोपं होतं; तीस शब्द कुठून आणायचे?

आतल्या खोलीत, कोपऱ्यात, घोंगडीखाली यांचा कॉम्प्युटर होता. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासकडून यांनी तो आणला होता. पांढऱ्याचा पिवळा झालेला डबा, पाठीमागं पोट आलेला मॉनिटर. सुट्टीच्या दिवशी गावातली माणसं यायची, हे त्यांचे अर्ज टाइप करून द्यायचे. हे गेल्यावर मी एकदा बटण दाबून पाहिलं होतं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि यंत्र तिथंच थांबलं. मी घोंगडी टाकली. त्या वेळी ते बंद असलेलंच मला बरं वाटलं होतं.

आता घोंगडी काढली. वळचणीची धूळ, लोकरीचा वास, कीबोर्डात ज्वारीचे दोन दाणे. डबा पोत्यात गुंडाळून मी एसटीत मांडीवर घेतला आणि पाटोदा गाठलं.

पाटोद्याच्या बाजारात खलीलभाईंचं दुकान होतं. रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस, मेंदी लावलेली दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी डबा उघडला. आत पालीची दोन वाळलेली अंडी होती, ती त्यांनी चिमटीनं उचलून अलगद बाजूला ठेवली. मग एकेक वायर काढून त्यांनी तपासली.

"हार्डडिस्क गेली, ताई," ते म्हणाले. "ह्याच्यातलं आता काही निघणार न्हाई. दुसरी जुनी हाय माझ्याकडं, ती लावतो. पण नवी विंडोज ह्याच्यावर चढायची न्हाई. दम घुटतो ह्याचा."

"मग जुनी मारा."

"जुनी कोण मारतंय आता? कंपनीनं बंद केली ती. तिला कुनी विचारत न्हाई."

"मला तरी कोण विचारतंय, खलीलभाई? मारा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी पिशवीतून यांची टायपिंगच्या सरावाची सीडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. ती उलटसुलट करून ते म्हणाले, "ही बी जुन्यातच चालती. बरोबर हाय तुमचं." मग थोडं थांबून, "पर ऐका. मी मारून दिली आन् चार दिवसांनी बिघडली, तर परत एवढं मांडीवर घेऊन याल का? सीडी देतो. तुमीच मारा. एकदा आपल्या हातानं मारली की भ्याव जातंय."

लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला सगळं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चालू झाल्याबरोबर कुठलीही कळ दाबायची. निळा पडदा येईल, घाबरायचं नाही. एफ आठ. मग एंटर. मग वाट बघायची. डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर पंचवीस अक्षरं आहेत, ती मागेल, ती द्यायची. यंत्राच्या आत तारीख-वेळ सांभाळणारं घड्याळ असतं, त्याचा सेल मेला होता आणि त्यांच्याकडचे सेल संपले होते. तो पुढच्या बाजाराला घ्यायचा ठरला.

माझ्या त्या हंगामाची आठवण म्हणजे आधी तो निळा रंग. आमच्याकडं निळं काही नसतं. माती काळी-करडी, डोंगर तपकिरी, आभाळसुद्धा उन्हानं पांढरं पडलेलं. रविवारी सकाळी, आतल्या खोलीत, त्या पोट आलेल्या काचेवर गडद निळा उजेड पडला आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं चालू लागली. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पत्रिकेवर बोट ठेवून, शाळेत पाढे म्हणत तशी, मी एकेक पायरी मोठ्यानं वाचत होते. दारात सासूबाई बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. लोकर पिंजता पिंजता त्या माझ्याकडं बघत होत्या. मुलगा गेल्यापासून त्या फार बोलत नसत.

डाव्या बाजूला आकडा आला: चौतीस मिनिटं बाकी. आणि लाईट गेली.

दुपारी आली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. निळा पडदा, एफ आठ, एंटर. या वेळी आकडा तेहतीसपर्यंत उतरला. लाईट गेली. बाहेर भाऊजी कुणाला तरी सांगत होते, "वहिनी यंत्राची पूजा करायली," आणि ते ऐकणारा हसत होता. मी खिडकीची फळी लावून घेतली. आत अंधारात यंत्राचा पंखा थांबता थांबता एक लांब उसासा टाकायचा, तो तेव्हा ऐकवत नसे.

आमच्या भागात तीन दिवस दिवसा लाईट, तीन दिवस रात्री. मी एक दिवसाची रजा टाकली. कारण काय लिहू, असा प्रश्न पडला, मग 'घरगुती काम' लिहिलं. त्या दिवशी लाईट गेली नाही. पंचवीस अक्षरांची पाळी आली तेव्हा पट्टीवरचं एक अक्षर झिजलेलं निघालं. मी आठ मारून पाहिला, यंत्र नाही म्हणालं. ओट्यावर जाऊन, मोबाइलला रेंज शोधत, खलीलभाईंना फोन लावला.

"आठ न्हाई तर इंग्रजी बी मारून बघा, ताई. दोघं सख्खे भाऊ हायत."

बी मारला. घेतलं.

आणि मग, भाकरीची वेळ टळून गेल्यावर, पडद्यावर ती हिरवी टेकडी आली. मऊ गवताची, वर निळं आभाळ, त्यात कापसासारखे ढग. सगळ्या जगानं पाहून पाहून विटलेलं ते चित्र. पण शिरूर कासारात, मेंढरांना चारा शोधत पार गोदाकाठापर्यंत जाणाऱ्या घरात, ते चित्र उगवलं. आत्या उठून आत आल्या. काचेपाशी वाकून त्यांनी ते नीट पाहिलं.

"एवढं गवात," त्या म्हणाल्या, "आन् एक मेंढरू न्हाई."

कितीतरी महिन्यांनी मी हसले. मोठ्यानं, तोंडावर पदर न धरता.

पण त्या यंत्राची एक खोड होती. सेल मेलेला असल्यामुळं बंद करून चालू केलं की त्याची तारीख मागं जायची, कितीतरी वर्षं मागं. आमचं लग्न नवं होतं तेव्हाचं साल खालच्या कोपऱ्यात उमटायचं. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि नुसतीच बसून राहिले. त्या तारखेला हे होते. बाहेर मोटारसायकल लावून, घसा खाकरत, आत यायचेच बाकी होते. दोन-तीन सकाळी मी ती तारीख तशीच राहू दिली, खोटं कशाला बोलू. सराव करायचा आणि मधूनच कोपऱ्याकडं बघायचं. मग माझ्या लक्षात आलं की त्या तारखेला मी नोकरदार नव्हते, मला एकही कळ माहीत नव्हती, आणि माझ्याकडून कुणी तीस शब्द मागणार नव्हतं. ती तारीख मला परवडणारी नव्हती. पुढच्या बाजाराला सेल आणला, खलीलभाईंनी दाखवलं होतं तसं झाकण उघडून बसवला, आणि आजची तारीख स्वतः घातली.  

मग सुरू झाला सराव. कीबोर्ड टाइपरायटरच्या जुन्या पद्धतीचा. त्यात ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. म्हणजे 'दिवस' लिहायचा तर 'द' यायच्या आधीच त्याची वेलांटी मनात तयार पाहिजे. जन्मभर मी आधी घडू दिलं आणि मग विचार केला. आता बोटांना उलटं शिकवायचं होतं. करंगळी तर ऐकायचीच नाही. लाईट असेल त्या सकाळी, कोवळ्या उन्हात, कचेरीला जायच्या आधी दीड तास, गाव रिकामं असल्यामुळं इतकं शांत की कळांचा आवाज समोरच्या बंद घरांवर आपटून परत यायचा. बारा शब्द. चौदा. चौदा. चौदावर मी तीन आठवडे अडकले. रडू यायचं, तेव्हा मी बोटं कोमट पाण्यात बुडवून बसायचे आणि पुन्हा तोच उतारा घ्यायचे.

एका सकाळी दारातून आत्या म्हणाल्या, "तुझं डावीकडलं एक बोट लंगडतंय."

मी थांबले. "तुमाला कसं कळलं?"

"मेंढरू लंगडाय लागलं की कळपाचा आवाज बदलतो. न बघता कळतं."

डाव्या हाताची अनामिका होती. वेलांटीवरून परत जागेवर यायला उशीर करत होती. मी आठवडाभर फक्त तिलाच कामाला लावलं. नंतर आत्या रोज दारात बसायच्या, लोकर हातात, कान माझ्याकडं. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. पण सतरा शब्द झाले तो दिवस त्यांनी माझ्याआधी ओळखला.

संक्रांतीच्या आसपासचा रविवार असेल. मी विहिरीवरून धुणं घेऊन येते तो दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा. यंत्राचा डबा अंगणात, मॉनिटर उंबऱ्यावर, आणि भाऊजी भंगारवाल्याला म्हणत होते, "काय बगतो बे, उचल की."

"हात लावू नका," मी ओरडले. बादली तिथंच सांडली.

"वहिनी, तमाशा नको," भाऊजी म्हणाले. "लई झालं हे. गाव हसायलंय. बंद पडलेली वस्तू घरात ठिवू नये. आन् ही वस्तू माझ्या भावाची हाय, तुमची न्हाई."

मी पुढं होणार, तेवढ्यात आत्या घरातून बाहेर आल्या. कुणाशी काही न बोलता अंगणाच्या मध्यावर गेल्या, नेसूचा काष्टा सारखा केला आणि त्या पिवळ्या डब्यावर बसल्या. चांगल्या ऐसपैस, मांडीवर हात ठेवून.

"आई, ऊठ."

"मला उचल आधी," आत्या म्हणाल्या. "मी बी बंदच पडलेली हाय. घाल टेम्पोत."

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला आवाज कळतो. तिचं बोट आता लंगडत न्हाई. तू जीपमधी बसून काय शिकला, ते सांग मला."

भंगारवाल्यानं टेम्पो चालू केला. गिऱ्हाईक बघून धंदा सोडणारा शहाणा माणूस होता. भाऊजी पायातली चप्पल आपटत निघून गेले. आत्या मात्र टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत उठल्या नाहीत. डबा आत नेताना आम्ही दोघींनी एकेक बाजू धरली होती. मी म्हटलं, "आत्या, लागलं तर न्हाई ना?" त्या म्हणाल्या, "मला न्हाई. त्येला इच्यार."

यंत्राला काही झालं नव्हतं.

परीक्षेच्या तोंडावर घरी तीस शब्द कसेबसे भरायला लागले. परीक्षा बीडला होती. केंद्रावर सगळ्या वीस-बावीस वर्षांच्या मुली, कानात वायरी, नखांना रंग. दारावरच्या माणसानं मला अडवलं, "पालकांनी बाहेर थांबा." मी हॉलतिकीट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्या फोटोवर बोट ठेवलं. तो बाजूला झाला. आत नवे कॉम्प्युटर, चपटे पडदे, नवीच विंडोज. सगळं भलत्याच ठिकाणी.  मग मी खाली पाहिलं. कळा तिथंच होत्या. पडदा कितीही नवा होऊ दे, वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, हे कुणाला बदलता आलं नव्हतं. घंटा झाली आणि मी मान वर केली नाही.

पास झाले. फार मोठे गुण नव्हते. काठावर म्हणावेत असे, पण काठाच्या आतल्या बाजूचे.

आज मागं पाहताना वाटतं, त्या हिवाळ्यात मला खरा राग कशाचा होता? भाऊजींचा नव्हता. पुढं एकदा पावसात ते मला कचेरीपर्यंत सोडायला आले, छत्री धरून, आणि त्यानंतर आमचं बरं चाललं. राग होता तो 'आता चालत नाही' या वाक्याचा. कोण ठरवतं चालत नाही? कंपनीनं बंद केलेली ती विंडोज माझ्या घरात पुढं चार वर्षं चालली. त्या यंत्रावर गावातल्या नऊ बायका टायपिंग शिकल्या, त्यातल्या तिघी पहिल्या फेरीत पास झाल्या. नंतर त्याचा मॉनिटर गेला आणि मी त्याला रीतसर निरोप दिला. त्याचं काम झालं होतं. ते दुसऱ्या कुणी ठरवलं नव्हतं, एवढंच मला पाहिजे होतं.

निकालानंतर दोन आठवड्यांनी आमच्या मोठ्या कारकुनांनी माझ्या टेबलावर हातानं लिहिलेला एक मसुदा ठेवला. "हे तेवढं टाइप करून आणा, मॅडम. दुसरं कुणी रिकामं नाही." मी वाचलं. माझी सेवा पुढं चालू ठेवण्याचा आदेश होता. माझाच आदेश, मीच टाइप करायचा. मसुद्यात लिहिलं होतं: 'कै.' अमुक अमुक 'यांच्या विधवा पत्नी श्रीमती शकुंतला.'

मी बसले. विषय, संदर्भ, सगळं सावकाश, एकही चूक न करता. ती ओळ आली तेव्हा मी फक्त 'श्रीमती शकुंतला' आणि पुढं आडनाव एवढंच टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेले. कागद छापून साहेबांच्या समोर ठेवला. त्यांनी मसुदा एका हातात, आदेश दुसऱ्या हातात धरून ताडून पाहिलं.

"इथले शब्द राहिले तुमच्याकडून," ते म्हणाले.

"राहिले नाहीत, साहेब. नेमणुकीला ते लागत होते. परीक्षा मी दिली."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.